मेन बंद आहे ना?

हल्ली मोबाईल हातात घेतला की दर तिसरं रील एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि आवेग आवरत नाही अशा मेंदूच्या अवस्थेचं. चावी फ्रिजमध्ये सापडते, घरभर अर्ध्या चहाचे कप, चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध कपाटात, आणि खाली कॉमेंट्सची रांग की अरे हा तर मीच. मीही हसते, खोटं कशाला बोलू. पण माझ्या नवऱ्याला खरोखर एडीएचडी आहे, रील बघून ठरवलेला नाही, डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलेला, आणि आमच्या घरात त्या फ्रिजमधल्या चावीचा नंबर फार खाली लागतो. वर असतात रस्ता, गॅस, पैसे, झोप आणि मनाने खचणं. त्यावर रील कोण बनवणार.

दुसरी पार्टी सुपरपॉवरवाल्यांची. एडीएचडीवाले म्हणजे क्रिएटिव्ह, जगाला त्यांची कदर नाही वगैरे. असतील बाबा. माझा नवरा हुशार आहे ह्यात वादच नाही, पण ती त्याची हुशारी आहे, एडीएचडीची नाही, आणि ज्यांना ही सुपरपॉवर वाटते त्यांनी एकदा त्याच्या फर्मचा जीएसटी वेळेवर भरून दाखवावा. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर १८ टक्क्यांनी व्याज, आणि पोर्टलवर सुपरपॉवरचा कॉलम नाही.

मी सीएच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे आकडा दिसला की तो कशाकशाचा बनलाय हे आधी उकलायची खोड आहे. २०२५ च्या जानेवारीत ब्रिटनमधला एक अभ्यास गाजला, निदान झालेल्या ३० हजारांहून जास्त मोठ्या माणसांच्या नोंदी बघितलेल्या, आणि निष्कर्ष असा की एडीएचडी असलेल्या पुरुषांचं आयुष्य सरासरी ६.८ वर्षांनी आणि बायकांचं ८.६ वर्षांनी कमी भरतं. बातमी वाचून आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच हात जोडलेले इमोजी आले. पण त्याच्या खालचं कोणी वाचलं नाही. ते अभ्यासक स्वतःच सांगतात की एडीएचडी काही थेट जीव घेत नाही, आणि तिकडेही बहुतेक मोठ्यांचं निदान होतच नाही, म्हणजे नोंदीत आलेले बहुधा जास्त त्रासातलेच. वर्षं जातात ती सिगारेटमध्ये, दारूत, वेळेवर न दाखवलेल्या इतर आजारांत, उपचार न मिळालेल्या डिप्रेशनमध्ये. त्याआधी २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डेन्मार्कचा अभ्यास आला होता, १९ लाखांवर लोकांचा, त्यात एडीएचडीवाल्यांचं अकाली मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अपघातांचा. दुप्पट म्हणजे मुळात लहान असलेल्या आकड्याच्या दुप्पट, हेही सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच घाबरतात. मला ह्यातून एवढंच दिसलं की यादीतलं जवळजवळ प्रत्येक कलम असं आहे ज्याचं काहीतरी करता येतं.

आता निदान कसं झालं ते. नवरा डॉक्टरांकडे गेला होता झोप लागत नाही आणि मन लागत नाही म्हणून, चाळिशी आली होती, डिप्रेशनची गोळी सुरू झाली, थोडा फरक पडला, पण कामं अर्धी सोडणं, उशीर, विसरणं, ते जसंच्या तसं. मग डॉक्टर लहानपणाकडे वळले. एडीएचडी मोठेपणी अचानक होत नाही, लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, २०१३ पर्यंत तर सातव्या वर्षाआधीची अट होती. सासूबाईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, त्यात सगळी प्रगतिपत्रकं, पिवळी पडलेली, कडेला वाळवीने खाल्लेली, आणि आम्ही इंदूरचे, शाळा हिंदी मीडियमची त्यामुळे शेरे हिंदीत, 'होशियार है, ध्यान नहीं देता', पुढच्या वर्षी वेगळ्या अक्षरात 'बुद्धिमान किंतु चंचल', त्याच्या पुढच्या वर्षी परत तेच. बाई बदलल्या, वर्ग बदलले, शेरा तोच. डॉक्टरांनी एकेक पान सावकाश बघितलं आणि सासूबाईंना विचारलं की घरात अजून कोणी असं आहे का. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ह्याचे बाबा! दही आणायला म्हणून राजवाड्याला गेले ते अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या बघून पहाटे परत आले, दही नाहीच." बाबा शेजारीच बसले होते, ते म्हणाले, झांक्या चांगल्या होत्या.

एडीएचडी घराण्यातून येतं हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पक्कं आहे, आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के धरतात, जवळजवळ उंचीइतका. मेंदूचा पुढचा भाग, जो थांब म्हणतो, हे आधी ते नंतर असं लावतो, वेळेचा अंदाज ठेवतो, त्याचं काम आणि डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन ह्या मेंदूतल्या रसायनांचा पुरवठा ह्यात फरक असतो. म्हणजे त्याला काय करायचं ते माहीत असतं. माहीत असलेलं नेमक्या त्या क्षणाला हाताशी येत नाही.

"सगळ्यांनाच थोडं थोडं असतं गं," असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे तर भरपूर. बीपी पण सगळ्यांनाच असतं, म्हणून १८० वाल्याला गोळी देऊ नये का?

बरं, मुद्दा. माझा नवरा इलेक्ट्रिकचे ठेके घेतो, बिल्डिंगांचं वायरिंग, छोट्या कारखान्यांची पॅनलं. लोकांना वाटतं बाप रे, लक्ष न लागणारा माणूस आणि करंटचं काम. पण इतक्या वर्षांत कामावर त्याला साधा झटकाही बसलेला नाही, आणि घरी मात्र दूध करपतं, गाडी पंक्चर होऊन दारात तशीच उभी राहते, विम्याचा हप्ता चुकतो. मी एकदा त्याच्या साईटवर थांबले होते, पाऊस होता म्हणून, तेव्हा बघितलं. पॅनल उघडायच्या आधी मेन खाली केलं. त्याला छोटं कुलूप लावलं. कुलुपाला पुठ्ठा टांगला, 'काम चालू है, हाथ न लगाएं'. चावी स्वतःच्या शर्टाच्या खिशात, हेल्परकडे नाही, टेबलावर नाही. मग टेस्टर घेतला, आणि आधी तो शेजारच्या चालू सॉकेटमध्ये लावून बघितला, लाल दिवा लागतोय ना, म्हणजे टेस्टरच मेलेला नाही ना, आणि मग तो टेस्टर बंद केलेल्या वायरीला लावला, तिन्ही फेजना एकेक करून, आणि मग हेल्परला मोठ्याने विचारलं, "भिया, मेन बंद है ना?" हे त्याला माहीत होतं, चावी त्याच्या खिशात होती, तरी विचारलं.

त्या धंद्याने गृहीतच धरलंय की माणूस विसरणार. शहाणा असो, अनुभवी असो, विसरणार, म्हणून कुलूप. आणि घराने काय गृहीत धरलेलं असतं, की मोठा झालेला माणूस विसरत नाही आणि विसरला तर त्याला आपली किंमत नाही. सगळी भांडणं तिथून सुरू. साईटवरून येताना रिक्षात मी हे त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मग घराला पण कुलूप लाव ना." मस्करीत म्हणाला होता, मी सीरियसली घेतलं.

पहिलं कुलूप रस्त्याला. इंदूरचा ट्रॅफिक ज्यांनी पाहिलाय त्यांना पलासियाच्या सिग्नलबद्दल वेगळं सांगायला नको, चारी बाजूंनी लोक आपापला सिग्नल मनातच ठरवून येतात. त्यात ज्याचं लक्ष भरकटतं, ज्याला थांबणं म्हणजे शिक्षा वाटते, आणि ज्याच्या खिशात फोन वाजतोय, त्याचं काय होणार. स्वीडनमध्ये १७ हजारांहून जास्त एडीएचडीवाल्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१४ साली छापून आलं, की पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचं प्रमाण औषध नसलेल्या काळापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी. मी हा आकडा सासऱ्यांना वाचून दाखवला, त्यानंतर 'गोळ्या कशाला, प्राणायाम कर' हे थोडं कमी झालं. (प्राणायामही करतो तो. मधूनमधून. लक्षात राहिलं तर.)

औषधाबरोबर बाकीची व्यवस्था अगदी साधी आहे. गाडीची चावी हेल्मेटच्या आत ठेवायची, म्हणजे हेल्मेट उचलल्याशिवाय चावी मिळतच नाही. फोन डिक्कीत, गाडी सुरू करायच्या आधी. साईटवरच्या पोरांना सांगून ठेवलंय की नऊ ते दहा भैया फोन उचलणार नाहीत, काही जळालं तर मेन पाडा आणि वाट बघा. रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी स्वतः चालवायचं नाही, मी सोडते किंवा रिक्षा. २०२५ च्या एक ऑगस्टपासून इंदूरमध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असा नियम झाला तेव्हा अख्खं शहर कुरकुरत होतं आणि हा एकटा खूश, म्हणे बघ, कलेक्टरसाहेबांनी पण कुलूप लावलं.

पैशांचं कुलूप लावायला सगळ्यात जास्त त्रास झाला. दिसायला हा उधळ्या नाही, हॉटेलात बिल बघून खातो. पण काहीतरी नवीन डोक्यात शिरलं की ते आत्ताच हवं. ड्रिल मशीन घरात असताना अजून एक, त्याच्यापेक्षा भारी. आणि मग साईटवरच्या कोणीतरी फोनमध्ये ऑप्शन ट्रेडिंग दाखवलं, म्हणजे शेअरचा भाव वर जाणार की खाली ह्यावर पैसे लावणं. ज्या मेंदूला लगेच निकाल हवा असतो त्याच्यासाठी ह्याहून वाईट खेळणं बनवता येणार नाही, मिनिटामिनिटाला हिरवं-लाल, बोटाच्या टोकावर. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं होतं की २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये, उतरलेल्या १ कोटीहून जास्त साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी माणशी सुमारे २ लाख. हे सगळ्यांचं झालं, एडीएचडी नसलेल्यांचं पण. आमचा किती गेला ते लिहीत नाही, सासूबाई वाचतात.

आता खाती दोन आहेत. धंद्याचे पैसे येतात त्या खात्याचं यूपीआय त्याच्या फोनमध्ये नाही. दुसऱ्या खात्यात आठवड्याचे पैसे पडतात आणि त्याची रोजची लिमिट बँकेच्या अ‍ॅपमधून खाली आणलीय. विमा, वीजबिल, एसआयपी, सगळं आपोआप कटतं, कोणाला काही आठवायची गरज नाही. पाच हजारांवरची वस्तू घ्यायची असेल तर कागदावर लिहून ठेवायची आणि रविवारी बघायची. मजा म्हणजे रविवारपर्यंत निम्म्या वस्तू त्याला स्वतःलाच नको झालेल्या असतात. हे सगळं त्याने स्वतः बसून ठरवलंय, मी लादलेलं नाही, हा फरक मोठा आहे, कारण लादलेल्या कुलपाची चावी माणूस शोधतोच.

गॅसचं पटकन सांगते. तो स्वयंपाक करतो तो इंडक्शनवर, टायमर लावून, वेळ झाली की आपोआप बंद. गॅसवर फक्त कुकर, कारण शिट्टी ओरडते. संपला विषय.

झोप मात्र अजून सुटलेली नाही. एडीएचडीवाल्या पुष्कळ जणांचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, रात्री दहाला मेंदू फ्रेश होतो. आणि गाव आमचं असं, दिवसा सोन्याचांदीची दुकानं असलेला सराफा रात्री खाऊगल्ली होतो, गराडू, भुट्टे का कीस, शेवटी रबडी, आणि मित्र अकरा वाजता फोन करणार, "चल ना भिया, एक चक्कर." एका चक्करचे दोन वाजतात. दुसऱ्या दिवशी लक्ष अजून पातळ, चिडचिड अजून जास्त, मग तंबाखूचा पाऊच, मग चहावर चहा. निकोटिनने थोडा वेळ लक्ष लागल्यासारखं वाटतं म्हणून ह्या लोकांना तंबाखूची सवय लवकर लागते आणि सुटता सुटत नाही. पाऊच सुटलाय. सराफा आठवड्यातून एकदा, शनिवारी, आणि तेव्हा मीपण जाते, मी काय संन्यास घेतलाय का.

औषधाबद्दल लोक कुजबुजत विचारतात म्हणून जरा सविस्तर. नवरा घेतो ते मिथाइलफेनिडेट नवीन नाही, १९४४ मध्ये तयार झालं आणि पन्नासच्या दशकापासून बाजारात आहे. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं आणि औषधांच्या शेड्यूल एक्समध्ये आहे, म्हणून चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि दवा बाजारात पण चार दुकानांत विचारावं लागतं. कडक आहे ते बरोबरच आहे. सुरू करायच्या आधी बीपी, नाडी, हृदयाची हिस्टरी बघतात, मग अधूनमधून वजन, कारण भूक मरते. नवऱ्याला दुपारी जेवायची इच्छाच होत नाही, म्हणून सकाळी पोहे भरपेट, वर शेव. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासाठी अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखं दुसरं औषध असतं, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. गोळीने माणूस बदलत नाही. फक्त 'उठायचंय' आणि 'उठलो' ह्यांच्यातलं अंतर कमी होतं. बाकी कुलपं आपली आपल्यालाच लावायची. आणि कोणाच्या नातेवाईकाची गोळी मागून 'ट्राय' करायची नाही, परीक्षेच्या दिवसांत पोरं असले उद्योग करतात.

बायकांचं निदान तर अजूनच उशिरा होतं. मुलगा बाकावरून उड्या मारतो म्हणून दिसतो, मुलगी खिडकीबाहेर बघत शांत बसते, तिला शहाणी म्हणतात, आणि लग्नानंतर घर सांभाळता आलं नाही की तिला आळशी म्हणतात.

मनाने खचणं मी मुद्दाम इतक्या खाली घेतलं, कारण ते लिहायला जड जातं. लहानपणापासून रोज कोणीतरी सांगतंय की मनावर घेतलंस तर करशील, म्हणजे तू मनावर घेत नाहीस. हे तीस वर्षं ऐकल्यावर माणूस स्वतःच स्वतःला ऐकवायला लागतो. एडीएचडीवाल्यांमध्ये डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त दिसतात, आणि त्यात आवेगात पटकन काहीतरी करून बसण्याची भर. म्हणून माणूस गप्प झाला की नाटक समजायचं नाही, सरळ विचारायचं, आणि एकटं सोडायचं नाही. टेली-मानस म्हणून सरकारी फोन सेवा आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, १४४१६, चोवीस तास, फुकट. आमच्या फ्रिजवर तो नंबर गॅसवाल्याच्या नंबरखाली चिकटवलाय. पाहुणे विचारतात, विचारू देत.

आणि लग्न. ह्यात एक माणूस विसरतो आणि दुसऱ्याचा अलार्म होतो. गोळी घेतली का, फोन केला का, बिल पाठवलं का, दिवसभर तेच. अलार्मवर कोणाचं प्रेम बसत नाही आणि अलार्मला सुट्टी नसते, काही वर्षांत बायको आई झालेली असते आणि नवरा उलट उत्तरं देणारा पोरगा. आमच्या कौन्सेलरने नवऱ्यालाच विचारलं की साईटवर हेल्परला तुम्ही दिवसभर आठवण करता का? तो म्हणाला नाही, बोर्ड लावलाय. मग घरीही बोर्ड आला, दाराच्या आतल्या बाजूला, पांढरा, मार्करचा. आता मी आठवण करून देत नाही. खरंच देत नाही, जीभ चावते पण देत नाही. रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाली की आम्ही दोघं बोर्डासमोर बसतो, पुढच्या आठवड्याचं तो लिहितो, त्याच्या अक्षरात, आणि झालेलं तोच पुसतो. कंटाळवाणी कागदपत्रं असतील तर मी नुसती शेजारी माझं काम घेऊन बसते, बोलायचं नाही, पण कोणीतरी शेजारी असलं की त्याचं होतं. का होतं ते मला विचारू नका, होतं एवढं खरं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते आणि एरवी अरे, तर हल्ली त्या म्हणतात, तुमच्या त्या मीटिंगमध्ये तुम्ही काय अगदी ऑफिसासारखं करून राहिलाय. करून राहिलोय खरं.

सध्या वाद चालूय तो देवासच्या कामावरून. कारखान्याचं मोठं पॅनल आहे, पैसे चांगले आहेत, जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. जातानाचं माझं काही म्हणणं नाही, सकाळी गोळी घेतलेली असते. पण परतताना सात-आठ वाजतात, तोवर गोळीचा असर उतरलेला, अंगात थकवा, समोर ट्रकांचे लाईट, आणि हायवेवर बाईक. माझं म्हणणं बसने सरवटे बसस्टँडला उतर, मी घ्यायला येते. त्याचं म्हणणं टूलबॅग बसमध्ये कोण चढवणार, कंडक्टर ओरडतो. मी म्हटलं बॅग तिथेच ठेव, पॅनलरूमला कुलूप आहेच की. तो म्हणाला त्या कुलपाची चावी कारखान्याच्या सुपरवायझरकडे असते, आणि तो दहाच्या आधी येत नाही. मग मी म्हटलं कारच घेऊन जा आणि हेल्परला चालवायला लाव, त्याच्याकडे लायसन्स आहे. तर आता गाडी अडलीय हेल्परच्या रोजीवर, ड्रायव्हिंगचे वेगळे दोनशे मागतोय. मी बोर्डावर रविवारसाठी लिहून ठेवलंय, दोनशे रुपये, पुढे प्रश्नचिन्ह. त्याने त्याच्याखाली लिहिलंय, दीडशे.